जिन्याचा कठडा आणि घर यांबाबत

मी, धंद्याने सुतार, वय पंच्याहत्तर, शाळा सहावीपर्यंत, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. मला कोणी दटावलेले नाही. उलट घरातले सगळे अलीकडे फार गोड वागतात, आणि लिहायला बसलो तो त्यामुळेच.

ही होती तेव्हा आम्ही रोज संध्याकाळी मालिका पाहायचो. ही म्हणायची, ज्या म्हाताऱ्याशी सगळे एकदम गोड बोलू लागतात, त्याचे दोनच भाग उरले समजा. तिचा अंदाज चुकत नसे. माझे म्हणणे असे, की म्हातारा मरतो तो मृत्युपत्र तिजोरीत लपवतो म्हणून. म्हणून मी हा कागद सर्वांसमोर वाचून मगच सही करणार आहे.

कलम पहिले. रंधे, पटाशा आणि दोन्ही करवती मुलीला. लहानपणी फळीचे दुसरे टोक तिनेच धरले. जावयाने हत्यारांना हात लावू नये. त्याने माझ्या पटाशीने रंगाचा डबा उघडला होता, ते मी विसरलेलो नाही.

कलम दुसरे. टीव्ही माझ्या बहिणीला. तिला खलनायिका आवडते, का तर म्हणे त्या घरात काहीतरी काम करणारी तीच एक. मला हे पटत नाही, पण टीव्ही तिलाच. रिमोट मात्र शेजारच्या निवृत्त कारकुनाला द्यावा, सेल काढून. तो मोबाईलवर आदल्या दिवशी भाग पाहतो आणि फाटकाशी उभा राहून मला शेवट सांगतो.

कलम तिसरे. बँकेत असेल त्यातून माझा शेवटचा खर्च करावा. उरले तर माझ्या मुलाने आणि मुलीने वाटून घ्यावे, न उरल्यास भांडू नये.

कलम चौथे, घर. हे घर विकावे असे मुलाच्या मनात आहे. बिल्डरचा माणूस दोनदा येऊन खोल्या मोजून गेला. मी नको म्हटले तेव्हा मुलगा बरेच दिवस अबोला धरून होता. मग एके दिवशी हसत आला आणि माझा पलंग व टीव्ही वरच्या खोलीत नेला. म्हणाला, वर शांतता आहे बाबा, निवांत बघा. त्यानंतर जिन्याचा कठडा वरच्या टोकाला हलू लागला. कठडा सागवानी आहे, मीच बसवलेला. मी स्क्रू आवळले. ते पुन्हा ढिले झाले. मुलगा म्हणतो लाकूड जुने झाले. लाकूड जुने होते, पण स्क्रू आपणहून उलटे फिरत नाहीत. मालिकेत काही वाईट घडणार असले की आधी ढोल वाजतो. घरात तसे काही वाजत नाही, मग माणसाने ओळखायचे कसे?

म्हणून असे ठरवतो. जिन्यावरून पडून किंवा कुठल्याही अपघाताने मी गेलो, तर घर मुलीला. अंथरुणात, झोपेत, आपल्या मरणाने गेलो, तर घर मुलाला.

एक तक्रार लिहून ठेवतो, तिचा कलमांशी संबंध नाही. मालिकेतली माणसे मनातले एक वाक्य तोंडावर बोलली तर मालिका त्याच दिवशी संपेल. पण कोणी बोलत नाही. मी पडद्याकडे पाहून ओरडायचो, अरे बोल की एकदाचा.

इथवर लिहिलेले आत्ताच स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मोठ्याने वाचले. मुलगा, सून आणि दोन्ही साक्षीदार बसले होते. मुलगा खिडकीबाहेर पाहत राहिला. कारकून रिमोटच्या कलमावर हसला. सूनबाई ओट्याशी उभी होती. तिने विचारले, "जिन्याचं कळलं, बाबा. म्हणजे तुम्ही झोपेत गेलात तर घर आमचंच ना?"

मी म्हणालो, "हो."

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि गॅस पेटवला.

चौथे कलम खोडावे असे तेव्हाच मनात आले. पण खोडायचे तर का खोडतो ते सांगावे लागेल, आणि चारचौघांत सुनेला असे कसे म्हणायचे? ती कदाचित सहज बोलली असेल. कलम आहे तसे ठेवले.

तिने माझ्यासाठी दुधाचा पेला आणून कागदाशेजारी ठेवला आहे. एरवी दूध मी स्वतः घेतो. सगळे माझ्याकडे पाहत आहेत. सही करतो आणि पितो.

सही: सुतार, घराचा मालक
साक्षीदार: शेजारचा निवृत्त कारकून
साक्षीदार: कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला
ठिकाण: खालचे स्वयंपाकघर
तारीख: आज, सोमवार, मालिका सुरू होण्याच्या आत