बशा बैलाचं जॉगिंग

२८ डिसेंबर

आज ठरलं. कुंदनचा बदला घ्यायचा.

काल वांग्याचे कट्टे टेम्पोत टाकता टाकता मले दम लागला, म्हणून धुऱ्याच्या बांधावर जरासा टेकलो. शेजारच्या वावराचा कुंदन जॉगिंग करून वापस येऊन राहिला होता. लाल टी-शर्ट, घामानं ओला. थांबला अन् साऱ्यांसमोर म्हणे, भगवंताभाऊ म्हणजे बशा बैल, पराणी टोचली तरी उठत नाही. तोडणीच्या बाया हासल्या, टेम्पोवाला हासला. सगळ्यात शेवटी हासायची थांबली ती जमुना. माही लग्नाची बायको.

रात्री जेवलो नाही. म्हणजे भाकर खाल्ली, भात नाही घेतला.

२९ डिसेंबर

गावात पोट्ट्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, ‘पेढीकाठ रनर्स’. फोनमधलं ॲप चालू करून धावायचं, किती किलोमीटर झाले ते नकाशासकट आपोआप ग्रुपवर पडते. पंचवीस जानेवारीपर्यंत ज्याचे जास्त, तो सव्वीसले प्रभातफेरीत मशाल घेऊन सगळ्यांच्या समोर. तीन वर्षं झाले, मशाल कुंदनच्या हातात.

यंदा मशाल माही अन् कुंदन माह्या मांगं धूळ खाईन. मंग पाहू जमुना कोणाले हासते.

ग्रुपमध्ये सामील झालो. पौर्णिमानं ॲप टाकून देलं. बीए सेकंड इयरले आहे पोरगी. काहून पाहिजे म्हणून विचारत होती. म्हटलं, बापाची इज्जत.

३१ डिसेंबर

वलगावच्या बाजारातून बूट आणले. हिरवे. दुकानदार म्हणे, दादा, याच्यात पाय आपोआप पळते.

१ जानेवारी

नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी शरीराले त्रास द्यायचा नसते.

२ जानेवारी

पांदणीचा रूट घेतला. सुरुवात जबरदस्त. वडाच्या झाडापाशी चाकोरीत पाय मुरगळता मुरगळता वाचला. पुढे कोणाचं तरी कुत्रं बसलं होतं. त्यानं माह्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं. पांदण हा रूट जॉगिंगसाठी नाही, बैलबंडीसाठी आहे. वापस आलो.

४ जानेवारी

बाभूळबनातला रूट. सावली चांगली, हवा चांगली. पण आत खसफस झाली. रानडुक्कर असन तर? नसन बी. पण माह्या मांगं बायको आहे, पोरगी आहे. जबाबदार माणसानं विचार करावा लागते.

बाभळीचा काटा नव्या बुटातून आरपार. दुकानदाराले पाहून घेईन. पहिले कुंदन, मंग तो.

५ जानेवारी

नदीकाठचा रूट सगळ्यात उत्तम. पेढीच्या काठानं गवत मऊ, पाण्यावर धुकं. पन्नासेक पावलं धावलो असन. मंग निंबाखाली प्राणायामाले बसलो. ऊन तोंडावर आल्यावर प्राणायाम सुटला. जमुना म्हणे, गालावर गवताचे वळ काहून उमटले.

६ जानेवारी

कुंदनचे आज आठ किलोमीटर. माहे आजलोक सगळे मिळून एक, तेही पॉइंटच्या पुढचे आकडे धरून. ग्रुपवर त्यानं बसलेल्या बैलाचं स्टिकर टाकलं. खाली सात जणांनी हासरं तोंड दाबलं. एक पौर्णिमाचं.

घरातच साप पाळले म्या.

७ जानेवारी, पहाट

झोप नाही. गोठ्यात लाल्या दावं तोडून राहिला. दोन वर्षाचा गोऱ्हा, अजून खांद्यावर जू नाही. सोडला की वाऱ्यासारखा सुटते.

विचार केला. लाल्या कोणाचा? माहा. त्याची सरकीची ढेप कोण आणते? मी. मंग त्याचे पाय कोणाचे झाले?

फोन फडक्यात बांधला, घंटीच्या जागी गळ्यात. ॲप चालू. दावं सोडलं.

८ जानेवारी

काल नऊ किलोमीटर. नऊ!  ग्रुपवर एकानं लिहिलं, भाऊ, तुम्ही तर छुपे रुस्तम. कुंदननं फक्त अंगठा दाबला. तो अंगठा कसा जळत असन, मले इथं बसून दिसते.

११ जानेवारी

पहाटे लाल्याले सोडतो, निजतो. ढेपेच्या वेळेले तो बरोबर घरी येते. कुंदननं ग्रुपवर विचारलं, भाऊ मधातच एकदम पळते अन् मंग अर्धा अर्धा तास एकाच जागी काहून थांबते. लिहिलं, स्ट्रेचिंग.

१३ जानेवारी

लाल्या ढेप उष्टी टाकून राहिला. व्यायामानं माणसाची भूक वाढते, याची कमी झाली. काटक होत आहे. फोनच्या कव्हरले आंबट वास येते. मेहनतीचा घाम, दुसरं काय.

१५ जानेवारी

आज देव पावला. कुंदनचा हरबरा रोज पहाटे कोणाचं तरी जनावर खाऊन राहिलं. ऐन घाटे भरायच्या टायमाले! वावराची एक पट्टी चट्टामट्टा. कुंदनचं तोंड एवढंसं झालं.

ज्यानं कोणं जनावर सोडलं, त्याच्या तोंडात साखर पडो.

१८ जानेवारी

गावसभा. सरपंच रामराव म्हणे, यावर काय करायचं.  मी उठलो. शत्रूवर संकट आलं की मोठ्या मनानं बोलावं, त्यानं तो जास्त जळते. माईक घेतला अन् म्हटलं, जो कोणी कुंदनचा हरबरा खाताना सापडन, तो कोंडवाड्यात. जनावर असो का माणूस. सव्वीस जानेवारीले, साऱ्या गावासमोर.

टाळ्या पडल्या. जमुनानंही वाजवल्या. कुंदन माह्या पाया पडाले आला, मी थोडासाच मांगं सरकलो.

२३ जानेवारी

कुंदनच्या पुढे गेलो. एकशे चौतीस झाले माहे. तो बिचारा रातभर वावरात राखण करते, पहाटे डोळा लागते. धावन कधी? दोन्हीकडून मेला.

मशाल धरायची प्रॅक्टिस लाटण्यानं केली.

२४ जानेवारी

पौर्णिमा ग्रुपवरचा नकाशा बोटानं मोठा करून पाहून राहिली होती. म्हणे, बाबा, तुमी रोज कुंदनकाकाच्या हरबऱ्यात गोल गोल काहून फिरता?

पाहिलं. नदीकाठानं एक लाल रेघ जाते, धुऱ्यावरून उडी मारते, अन् कुंदनच्या वावरात गुंतलेल्या सुतासारखा गुंता.

म्हटलं, हे सॅटेलाइटची चूक आहे.  लाल्याले आज बांधून ठेवलं.

२५ जानेवारी

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बोलावलं. कुंदननंही नकाशा मोठा करून पाहिला होता. भैताड समजत होतो त्याले.

रामराव म्हणे, भगवंता, ही लाल रेघ तुही का? आता दोनच रस्ते. लाल्याचं नाव घेतलं तर किलोमीटर गेले, मशाल गेली, अन् जन्मभर बशा बैल. जमुना पदर तोंडाशी धरून उभी, आता हासन का मंग हासन.

म्हटलं, माहीच. रोज मीच धावलो.

कुंदननं विचारलं, मंग हरबरा कोणं खाल्ला?

म्हटलं, मीच.

रामराव म्हणे, झाडासकट?

म्हटलं, प्रोटीन असते.

 मंग रामरावनं सांगतलं, पहिला नंबर भगवंताचा, सगळ्यांनी ऐका. मी जमुनाकडे पाहिलं. तेवढ्यात कुंदन म्हणे, अन् माईकवरचा ठराव? जनावर असो का माणूस.

२६ जानेवारी, सकाळ

कोंडवाड्यात आहो. झेंडावंदन होईलोक ठेवणार, म्हणे. बूट हिरवे घातले होते, आता शेणात बुडून हिरवे नाहीत.

जमुना आली. वाटलं चहा आणला असन. तिनं फाटकावरून ओल्या हरबऱ्याची पेंडी आत टाकली अन् म्हणे, खा. हासली नाही. हासली असती तर बरं झालं असतं.

फेरी याच रस्त्यानं गेली. समोर कुंदन, हातात मशाल. मांगं पौर्णिमा, शाळेचे पोट्टे, अन् सगळ्यांच्या मांगं दावं तोडून आलेला लाल्या, उड्या मारत. पोट्टे त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होते. फोन अजून त्याच्या गळ्यातच असन, परवापासून सापडून नाही राहिला.

कुंदनले सोडणार नाही. पुढच्या वर्षी सायकल घेतो.

फेरी संपल्यावर कुंदन फाटकापाशी आला. म्हणे, भाऊ, ग्रामपंचायतीसमोर झेंडा चढून राहिला, तेवढ्यापुरते तरी उठा. उठलो. राष्ट्रगीत होईलोक ताठ उभा होतो.

मंग बसलो.