न्यूट्रलवरून जाणारा हात

केडगाव,
बुधवार, दुपार

चि. प्रवीणराव यांना सासरे सहादू यांचा सप्रेम जयभीम.

इकडे मी आणि तुमच्या सासूबाई जयमाला खुशाल आहोत. खुशाल म्हणजे माझी साखर जेवणाआधी आटोक्यात असते आणि जेवणानंतर ती आम्ही तपासत नाही. तुमची तब्येत कशी आहे? बेंगळुरूला म्हणे तिन्ही त्रिकाळ भात. भाकरीची आठवण होत असेल तर कळवा, जयमाला बाजरीचं पीठ पाठवील (नाही कळवलंत तरी पाठवील, पण कळवलंत तर मला पोस्टात नेताना बरं वाटेल). सायली वेळेवर जेवते का, हे विचारत नाही, कारण ती जेवते हे मला माहीत आहे. तिच्या तडाख्यातून तुमच्या वाट्याला काही उरतं का, तेवढं सांगा.

पत्र घरी न पाठवता तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतोय, त्यात काही काळंबेरं नाही. फोनवर बोलावं तर मला कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर लावावा लागतो, आणि स्पीकर लावला की फोन माझ्या हातात राहतो आणि बोलणं तुमच्या सासूबाईंचं होतं. मेसेज करावा तर तुमचा मोबाईल सायली बघते. बघत नाही असं तुम्ही म्हणाल. तुम्ही तिचे नवरे आहात, मी तिचा बाप आहे, मला जरा जास्त माहिती आहे. आणि यातल्या काही गोष्टी तिला न कळलेल्याच बऱ्या.

तर मुख्य गोष्ट म्हणजे तुमची भेट पोचली. आर्केड स्टिक की काय म्हणतात ती. (कुरिअरवाल्यानं खोक्यावरचं चित्र पाहून विचारलं, "काका, डीजेचं हाय का?" मी हो म्हणालो. समजावून सांगत बसलो असतो तर त्याची बाकीची खोकी संध्याकाळपर्यंत पोचली नसती.) आपल्यात जावयाला द्यायची रीत आहे, जावयाकडून घ्यायची नाही, त्यामुळे जयमाला दोन दिवस अवघडून होती. मी मात्र अजिबात अवघडलो नाही. प्रवीणराव, मला आयुष्यात बऱ्याच वस्तू मिळाल्या. एसटीच्या ड्रायव्हरकीतून रिटायर झालो तेव्हा शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. पण मला काय हवंय हे मी धड सांगितलेलं नसताना कुणी ओळखून दिलेली ही पहिलीच वस्तू. मनापासून आभार मानतो.

लग्न होऊन जाताना सायलीनं तिचं गेमचं यंत्र माझ्याकडे ठेवलं आणि ताकीद दिली की दर रविवारी संध्याकाळी ती तिकडून आणि मी इकडून लढायचं. तुम्ही तेव्हा शेजारी उभे होतात, तुम्हाला वाटलं असेल बाप-लेकीचं लाडाचं बोलणं चाललंय. लाड नाही, तो करार होता. दोन पैलवान समोरासमोर, दोघांच्या डोक्यावर जिवाची पट्टी, ज्याची आधी संपेल तो आडवा. दोन हातांत धरायच्या त्या गेमपॅडवर (आमच्याकडे त्याला रिमोटच म्हणतात) मी दोन वर्षं बरा लढलो. मग डाव्या अंगठ्यानं संप पुकारला. वाकवला की वाकलेलाच राहायचा आणि मग टक् करून सरळ व्हायचा. सावेडीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, अंगठ्याला कसला ताण पडतो? मी म्हणालो, लढाईचा. तुमच्या सासूबाई शेजारून म्हणाल्या, "रोज मार खातेत, डॉक्टर. म्या किती येळा सांगितलं, आता बास करा." डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात तिला जरा बाहेर बसायला सांगितलं.

अंगठ्याला विश्रांती सांगितली. मी रविवार सोडून बाकी सगळे दिवस दिली. पण रविवारी अंगठा चालेना तो चालेनाच, आणि मग ती गोष्ट सुरू झाली जिच्यामुळं मला जेवण गोड लागेना. मी जिंकायला लागलो. सायलीचा पैलवान, जो मला कधी श्वास घेऊ द्यायचा नाही, तो रेल्वे फाटकाशी थांबल्यासारखा उभा. मी चाचपडत एखादा ठोसा मारावा, त्यानं तो बिनतक्रार खावा, आणि तिकडून पोरीनं फोनच्या स्पीकरवर म्हणावं, "पप्पा, भारीच!" प्रवीणराव, ड्रायव्हरला साइड ओळखता येते. रस्ता अरुंद म्हणून दिलेली वेगळी, घाबरून दिलेली वेगळी, आणि स्टिअरिंगवर म्हातारं माणूस दिसलं म्हणून दिलेली वेगळी. ही शेवटची फार लागते. त्यातून पोटच्या पोरीनं दिलेली.

जयमाला दळण आणायला गेली होती तेवढ्यात मी तुम्हाला फोनवर एकच वाक्य बोललो होतो, की पोरगी मला साइड देते. तुम्ही समजूत काढली नाहीत. "तसं काही नाही हो मामा" असंही म्हणाला नाहीत. नुसतं "बरं" म्हणालात, आणि पुढच्या आठवड्यात कुरिअरवाला दारात. त्या "बरं"बद्दल मी तुमचा स्टिकपेक्षाही जास्त ऋणी आहे.

आता स्टिकची हकीकत. डाव्या हाताला दांडा, त्यावर लाल गोळा, उजव्या हाताला बटणं. अंगठ्याला कामच नाही. मी म्हटलं, हे तर आपलंच काम, सगळा जन्म डाव्या हातानं दांडाच हलवला. मांडीवर घेतली, गोळा मुठीत धरला आणि पहिल्याच झटक्याला लक्षात आलं की माझा डावा हात एकटा कुठं जात नाही. दांडा हलला की डावा पाय क्लच दाबतो. क्लच नव्हता, फरशी होती. शिवाय मी शिकलो त्या जुन्या गाड्यांवर, तिथं एका गियरला दोनदा क्लच. एकदा दाबून दांडा न्यूट्रलला आणायचा, सोडून पुन्हा दाबायचा आणि मग पुढचा गियर. म्हणजे पैलवानानं एक पाऊल टाकलं की आमच्या घरात दोन दणके. खालच्या मजल्यावरचे बन्सी (आमच्याच डेपोचे कंडक्टर, माझ्याआधी वर्षभर रिटायर झाले) तिसऱ्या दिवशी वर आले. म्हणाले, "भाऊ, दुपारच्या पारी मिरच्या नका कुटू, लई डोकं ठणकतंय." जयमाला म्हणाली, "मिरच्या न्हाईत, हे गाडी चालवायलेत." बन्सींनी टीव्हीकडे पाहिलं, माझ्या पायाकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "कुठवर गेली?"

पायाचं एक वेळ जाऊ द्या. खरा घोटाळा न्यूट्रलचा. या खेळात हातातून आगीचा गोळा सोडता येतो. त्यासाठी दांडा खाली दाबून तसाच कडेकडेनं पुढं फिरवायचा, पाव वर्तुळात, मध्ये न आणता. आणि माझा हात मध्ये आल्याशिवाय पुढं जातच नाही. खाली, न्यूट्रल, पुढं. त्यामुळे माझा पैलवान खाली बसायचा, उठून उभा राहायचा, दोन पावलं चालत जायचा आणि समोरच्याच्या ठोशाला तोंड द्यायचा, अगदी खरोखरीचं तोंड. न्यूट्रल चुकवून गियर टाकला की गिअरबॉक्स कसा ओरडतो हे ज्यानं एकदा ऐकलंय त्याचा हात पुन्हा तसं करत नाही, त्याला काय सांगणार की बाबा, इथं गिअरबॉक्स नाही! जयमालानं उपाय म्हणून माझा पाय टॉवेलनं पलंगाला बांधला. मग पलंग सरकायला लागला. (बन्सी पुन्हा वर आले, पण या वेळी दारातूनच परत गेले.) शेवटी तुमच्या सासूबाई भाकरी टाकता टाकता पिठाचे हात पुसत आल्या, दांडा धरला आणि पहिल्याच फिरकीला आगीचा गोळा! म्हणाली, "पिठलं हाटायलोय असं समजा. मधी थांबलं का गुठळ्या व्हत्यात." सल्ला लाख मोलाचा होता, पण मी जन्मभर पिठलं खाल्लंय, हाटलेलं नाही.

मी पार हिरमुसलो. रविवार जवळ येत होता आणि मला दिसत होतं की सायली पुन्हा फाटकाशी उभी राहणार. म्हणून चष्मा लावून एकेका पैलवानाचे डाव वाचत बसलो. सगळ्यात शेवटी पांढऱ्या भुवयांचा एक म्हातारा आहे, त्याला कुणी घेत नाही. त्याचा मोठा ठोसा असा, की दांडा पुढं, मग इंग्रजी एन, मग खाली, मग तिरपा, आणि त्याच क्षणी बटण. मी तुम्हाला फोन करून विचारलं, हे एन काय? तुम्ही म्हणालात, "मामा, तिथं दांडा सोडून मध्ये येऊ द्यायचा. सगळ्यांचं तिथंच चुकतं, हात घसरून पुढं जातो." मी फोन तसाच खाली ठेवला. निरोपही घेतला नाही, त्याबद्दल माफ करा, पण तेव्हा मला घाई होती. पायाचा टॉवेल सोडला, म्हाताऱ्याला घेतलं, पुढं, न्यूट्रल, खाली, तिरपा! दणका फरशीवर आणि ठोसा पडद्यावर एकदमच बसला. समोरचा पैलवान पडद्याच्या वर जाऊन दिसेनासा झाला आणि बऱ्याच वेळानं खाली आला. मी तो ठोसा जेवायची वेळ होईपर्यंत मारत राहिलो. एकदाही चुकला नाही.

रविवार उजाडला. सायलीनं आधी अंगठा विचारला, मी म्हटलं ठीक आहे. स्टिकचं काही बोललो नाही. ती नेहमीप्रमाणे उभी राहिली, म्हाताऱ्यानं दोन पावलं टाकली आणि तिला आभाळात धाडली. तिकडून "पप्पा" एवढंच ऐकू आलं, आणि तिची खुर्ची पुढं ओढल्याचा आवाज आला.

प्रवीणराव, काय मारलं मला पोरीनं! कोपऱ्यात घेतलं, उठू दिलं नाही, उठलो तर पुन्हा पाडलं. मध्ये "तोंड सांभाळा की पप्पा" असं वर बोलली. मी एकामागून एक डाव हरत होतो आणि मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. जयमालाला वाटलं हरल्याचं वाईट वाटतंय, ती पाणी घेऊन आली. तिला काय सांगू? माझी लेक मला परत मिळाली होती, सबंध, दयामाया न दाखवणारी. आणि नाही म्हणायला शेवटचा डाव मी जिंकलो. सलग दोन फेऱ्या. जयमालानं गॅलरीतून बन्सींना ओरडून सांगितलं, शिरा करून सगळ्या बिल्डिंगमध्ये वाटला, आणि माझ्या वाट्याला वास आला.

हे सगळं तुमच्यामुळं. तुमचे उपकार कसे फेडावेत कळत नाही, आणि फेडायची मला घाईही नाही. सायलीला आशीर्वाद. तिला वाटतं ती साइड द्यायची ते मला कधी कळलंच नाही. ते तसंच राहू द्या.

तुमचा,
सहादूमामा

ता. क. माझ्या डाव्या पायाखालची फरशी हलायला लागली होती, म्हणून तिथं बाथरूममधलं रबरी पायपुसणं टाकलं. आता आवाज होत नाही. काल बन्सी विचारत आले, गाडी बंद पडली का? दुपारी झोप लागत नाही म्हणाले.

ता. क. पुन्हा. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. शेवटच्या डावात सायली नव्हती. कुकरची शिट्टी झाली, ती उठून गेली आणि तिच्या जागी तुम्ही बसलात. सायलीचा पैलवान कोपऱ्यात सापडला की उडी मारतो. हा उभा राहिला. मी पुढं सरकलो की एक पाऊल मागं. माझा ठोसा हुकला तर मी सावरेपर्यंत थांबला. सासरा बसल्याशिवाय खुर्चीला पाठ न लावणारा माणूस मी लांबून ओळखतो. जयमालाला यातलं काही सांगू नका, शिरा वाटून झाला आहे.

सायलीनं मला पहिल्यांदा हरवलं तेव्हा ती पाचवीत होती. हरवून वर मला म्हणाली, पप्पा, आता चहा ठेवा. मी ठेवला, आणि त्या दिवसापासून या घरात तिचा शब्द चालतो. तुमच्या लग्नाला आता तीन वर्षं होतील, आणि तुम्ही अजून आमच्याकडे आलात की माठातलं पाणीसुद्धा विचारून घेता. दुसऱ्याला साइड दिलेली तुम्हाला लगेच कळली, मग स्वतः कशाला देता? येत्या रविवारी सायलीला बाजूला बसवा, स्वतःच्या नावानं उतरा आणि मला चांगला आडवा करा. करून झालं की म्हणा, "मामा, चहा ठेवा." तो बेंगळुरूला पोचणार नाही, पण तुम्ही म्हणा.