छतातला भुंगा आणि गोरक्षमामांचं अर्थिंग

मुक्काम भुज, कच्छ

तीर्थस्वरूप गोरक्षमामांस,

भाचा बन्सी याचा गाडीच्या पायरीवर बसून, चप्पल काढून दंडवत. मामीच्याबी पाया पडतो. तिनं पाय मागं घेतले तरी पडलो असं धरावं. मी इकडं ठणठणीत हाय. वारा, मीठ आणि बाजरीचा रोटला, तिन्ही मानवलेत. तुमच्या उजव्या कानाचं काय झालं? डॉक्टर काय म्हणाले ते तुमाला ऐकू आलं का? जन्मभर श्रीगोंद्याच्या लग्नांत स्पीकरच्या भिंतीपुढं उभं राहून तो कान गेला, ही धंद्याची निशाणी हाय, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पण फोनवर आपलं जमत न्हाई. मी ओरडून नाव सांगतो, ‘मी बन्सी’, तर तुमी म्हणता, ‘बन्सी इथं नसतो, गुजरातला असतो’, आणि ठेवून देता. म्हणून हे पत्र. तुमच्या रुपालीनं ते नेहमीसारखं तुमच्या डाव्या कानापाशी बसून मोठ्यानं वाचावं. (रुपाली, मधी थांबू नको. तू थांबलीस की मामांना वाटतं पत्र संपलं, आणि ते उठून अंगणात जातात.)

मामीची दाराच्या चौकटीवरची नाल सापडली का? आई सांगत हुती की नाल गेल्यापासनं मामी शेजारच्या दगडाबाईशी बोलत न्हाई, आणि दगडाबाईनं तुमचं दूध बंद केलंय. वरातीतल्या काळ्या घोड्याची नाल, तीबी तुमच्याच स्पीकरपुढं नाचताना निखळलेली, अशी चीज परत मिळत न्हाई हे मला मान्य. पण दगडाबाईच्या दाराला चौकटच न्हाई, नुस्तं पत्र्याचं फाटक हाय. तिनं नाल चोरली तरी ठोकावी कुठं? एवढा विचार मामीनं करावा, असं मला लांबून वाटतं.

आता माझं. मी आधी रसवंतीवर हुतो, मग श्रीरामपूरला गॅरेजात, मग कारखान्याच्या वजनकाट्यावर, आणि सगळीकडनं आपणहून उठून आलो (काट्यावरनं उठवलं, पण मी उठणारच हुतो). तुमी तेव्हा म्हणाला की ह्याच्या पायाला भिंगरी हाय. खरं हाय. म्हणूनच मी अशी नोकरी धरली की जिथं बसल्या जागी गाव मागं जातं. फक्त बसायची जागा चुकली. मी क्लीनरच्या सीटवर हाय आणि मला बसायचंय ड्रायव्हरच्या. लायसन खिशात हाय, आमचा ड्रायव्हर दाऊदभाई नोकरी सोडून मांडवीला भावाच्या होडीवर चाललाय, म्हणजे सीटबी मोकळी होणार. आणि तुमी आषाढात आखाडीच्या जेवणात आईला सगळ्यांपुढं बोललेलं मी विसरलो न्हाई. ‘क्लीनरला कोण पोरगी देतं? आधी स्टेअरिंग हातात येऊ दे, मग तोंड उघड.’ मी तेव्हा वांग्याची भाजी वाढून घेत हुतो, पण कान तिकडंच हुता.

आमचे मालक वालजीशेठ फिरायला भाड्यानं देतात ती मोटारहोम तुमी केडगावला पाहिलीच हाय. पुण्याच्या प्रदर्शनाला निघालो तेव्हा वाट वाकडी करून नगरजवळ पुणे रोडला उभी केली, आणि तुमी तिघं श्रीगोंद्याहून एसटीनं आला. चाकावरचं घर म्हणजे काय, ते मामीला तेव्हा पटलं. पलंग बघितला, शेगडी बघितली, बेसिन बघितलं, आणि शेगडीपासून दोन हातांवर संडास बघून तिनं आतला चहा प्यायला साफ नकार दिला. मग चाकाखाली लिंबू, पुढं नारळ, काचेला हळदकुंकू असं रीतसर झालं. तुमी मात्र आत शिरल्या शिरल्या छताकडं बघितलं. छतात चार स्पीकर. तुमी पलंगावर उभं राहून मागच्या स्पीकरची जाळी काढली, आत डोकावलात, ‘चिमणीएवढा भोंगा हाय’ म्हणालात आणि टपरीवर चहाला निघून गेलात. जाळी परत बसवायचं काम रुपालीनं मागून घेतलं. हे सगळं मी उगाच लिहीत न्हाई. केडगाव सोडलं आणि त्याच स्पीकरात भुंगा बोलायला लागला. (मी तुमच्यावर आळ घेत न्हाई. फक्त कुठल्या गोष्टीनंतर कुठली गोष्ट झाली ते सांगतो.)

भुंगा म्हणजे असा की गाडी उभी आणि गाणं हळू असलं की एकदम गप्प. इंजिन चालू झालं किंवा ढोलकी वाजली की घुर्रर्र, खर्रर्र, जणू कोणी डब्यात मधमाश्या भरून डबा हलवतंय. एका गिऱ्हाईकानं तर वर पोळं हाय असं समजून पलंग सोडला आणि रातभर पुढं क्लीनरच्या सीटवर झोपला. मी कुठं झोपलो ते विचारू नका. संडास स्वच्छ असतो, एवढंच मामीला सांगतो.

वालजीशेठनं मला बोलावलं, कारण नोकरी मागताना मी छाती काढून सांगितलं हुतं की माझा मामा साऊंडवाला हाय आणि त्यानं मला तयार केलंय. आता तयारी दाखवायची वेळ आली. तुमचे दोन नियम मला पाठ हुते. एक, भोंगा कधी खोटा नसतो, पाप नेहमी वायरीत असतं, म्हणून स्पीकरला हात लावायचा न्हाई. दोन, वायर बदलूनबी भुणभुण गेली न्हाई तर अर्थिंग. मी अख्ख्या गाडीची वायर बदलली. भुंगा तसाच. मग राहिलं अर्थिंग.

तेव्हा आमी पांढऱ्या रणात उभे हुतो, जिथं पर्यटकांचे तंबू असतात. मी तुमच्या मांडवातल्या पद्धतीनं गाडीशेजारी लोखंडी सळई जमिनीत ठोकली, मजबूत वायरनं ती आतल्या अँप्लिफायरला आवळली, आणि सळईवर ओतायला मिठाचं पाणी पाहिजे म्हणून दाऊदभाईकडं मीठ मागितलं. त्यानं चहा पिता पिता नुस्तं खाली बोट दाखवलं. मामा, तिथली जमीनच मिठाची हाय, नजर जाईल तिथवर. एवढं अर्थिंग तुमच्या सात पिढ्यांनी बघितलं नसंल. मी हळूच गाणं लावलं. भुंगा गप्प. मी तिथंच तुमची आठवण काढून उत्तरेकडून श्रीगोंद्याला नमस्कार केला. (गाडी उभी हुती आणि इंजिन बंद हुतं, म्हणून तो गप्प हुता, हे मला नंतर समजलं.)

मांडव आणि मोटारहोम यांत एक फरक हाय, तो तुमी मला शिकवला न्हाई. मांडव सकाळी निघून जात न्हाई. दाऊदभाईनं सकाळी गाडी काढली. मी पुढं बसून गात हुतो. सळई उपटून मागं निघाली, खडाखडा करत. जाता जाता तिनं एका तंबूची वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी पकडली. ते बघून उंटगाडीचा उंट बुजला, आणि पळायचं तर मागं पळायचं सोडून तो आमच्याच बरोबरीनं पळायला लागला. उंटवाला उंटामागं, कपडेवाले उंटवाल्यामागं, आणि आमाला वाटलं लोक निरोप द्यायला आलेत, म्हणून मी खिडकीतून हात हलवत हुतो. भुंगा तर इंजिन चालू होताच परत बोलायला लागला हुता, पण मागच्या गोंधळात तो आमाला ऐकूच आला न्हाई. भुजला पोचलो तेव्हा वालजीशेठ अंगणात उभे हुते. त्यांची नवी गाडी लेंगे आणि परकर फडकवत आत आली, ते त्यांनी शांतपणे बघितलं. हा माणूस ओरडत न्हाई, हेच त्याचं वाईट. मी दोरी सोडवत असताना जवळ येऊन म्हणाले, ‘गाडी चूप, तो चावी तारी. नै तो नगर.’ म्हणजे गाडी गप्प झाली तर चावी माझी, न्हाईतर मी परत नगरला. आणि मुदत दिली ती पुढच्याच फेरीची.

पुढची फेरी बडोद्याच्या एका म्हातारीची हुती. सगळे तिला बा म्हणतात. तिला मांडवी, नारायण सरोवर असं फिरायचं हुतं, आणि पलंगावर पडून भजन ऐकायचं हुतं. नेमकी तिची उशी त्याच स्पीकरखाली. मृदंगावर थाप पडली की भुंगा साथ करायचा. मी मिनिटामिनिटाला वायरी तपासायचो आणि बा वर बघायची. तक्रार केली असती तर बरं वाटलं असतं, पण ती माझ्याकडं अशी बघायची जसं नापास झालेल्या नातवाकडं बघतात. मला डोळ्यांपुढं नगरची एसटी दिसायला लागली, आणि तिच्यात खिडकीपाशी मी, आणि स्टँडवर तुमी, तोंड न उघडता हसणारे.

शेवटी बानं मला समोर बसवलं. तिच्या घरी म्हाताऱ्याची कवळी स्टीलच्या वाटीत असायची, आणि बाहेरून ट्रक गेला की ती अशीच वाजायची, असं तिनं सांगितलं. मग म्हणाली, ‘बेटा, करंट दाँत नहीं किटकिटाता. हाथ डाल.’

मामा, मी मनात तुमची माफी मागितली आणि तुमचा पहिला नियम मोडला. पलंगावर उभा राहिलो, जाळी काढली आणि भोंग्यामागं हात घातला. मागच्या लोहचुंबकाला काहीतरी चिकटलेलं हुतं. एक टोक घट्ट, दुसरं टोक छताच्या पत्र्याला लागलेलं. ते ओढून काढायला मला दोन्ही हात लावावे लागले आणि बानं माझे पाय धरले. मग भजन लावलं, मोठ्यानं. मृदंग नुस्ता मृदंग वाजला. बा डोळे मिटून पडली ती थेट नारायण सरोवराला उठली.

वालजीशेठनं परवा स्वतः आत बसून इंजिन चालू ठेवून ऐकलं. उतरले आणि चावी माझ्या हातावर ठेवली. दाऊदभाई रविवारी जातोय. सोमवारपासनं स्टेअरिंग तुमच्या भाच्याकडं. उंटवाल्याला मी जाऊन भेटलो, त्यानं माफ केलं, उंटानं अजून न्हाई.

बाकी सगळं क्षेम. तुमी कानात तेल घालू नका. मामीला विचारा, अंगणात तुळशीचं रोप लावलं का, आणि कळवा. आत काय सापडलं ते खाली लिहितो, कारण ते ऐकताना मामीनं हातातली परात खाली ठेवलेली बरी.

तुमचा आज्ञेतला (एक नियम वगळून) भाचा,
ड्रायव्हर बन्सी

ता. क. केडगावला जाळी काढून तुमी काहीतरी बिघडवलं, असं वर कुठं वाटलं असंल तर ते शब्द मी मागं घेतो. तुमी फक्त जाळी उघडी ठेवून चहाला गेलात.

ता. क. दुसरा. सापडली ती काळ्या घोड्याची नाल. मामी, आजच्या आज दगडाबाईकडं जा आणि दूध सुरू करून ये. नालेच्या एका टोकाला पोपटी चिंधी गुंडाळलेली हुती. ही चिंधी मी ओळखतो. तुमच्या स्पीकरच्या ट्रॉलीच्या चाकात अडकून जी ओढणी फाटली तिची हाय, आणि ट्रॉली उचलून ती सोडवली मीच. ही ओढणी मामी घालत न्हाई. (वाचणारी इथं थांबली असंल तर मामा, उठू नका, पत्र संपलेलं न्हाई. तिला पाणी द्या.) मला नजर लागू नये, म्हणून कोणी आपल्या घराची नाल काढून माझ्या छतात घालतं आणि आईबापाला, दगडाबाईला, कोणालाच पत्ता लागू देत न्हाई, आणि त्याच नालेनं माझी नोकरी जायची वेळ येते, ह्यावर काय बोलावं ते सातवीपर्यंत शिकवत न्हाईत.

ता. क. तिसरा. नाल पोस्टानं पाठवता येईल, पण पोस्टमन ती चौकटीवर ठोकून देणार न्हाई. दिवाळीला आईला घेऊन मीच येतो आणि माझ्या हातानं ठोकतो. स्टेअरिंग हातात आलंय. आता आखाडीचा तो विषय काढायला मी तोंड उघडणार हाय. तुमच्या मनात असंल तर चौकटीवरचा खिळा तसाच ठेवा. नसंल तर काढून टाका, मी नाल देऊन परत फिरंन.

ता. क. शेवटचा. रुपाली, वरचा ता. क. मामांना नीट ऐकू गेला नसंल, तर डाव्या कानापाशी जाऊन परत वाच. मोठ्यानं.