हिरवे पाहणे, रोज अर्धा तास

१८ ऑक्टोबर १९८१, रविवार. सकाळी ७
डोळे आले. दोन्ही. पापण्या इतक्या चिकटल्या की बायकोने, कांताने, कोमट पाण्याने सोडवल्या. सगळीकडे साथ आहे हे ठाऊक होते, पण मी काळजी घेणारा माणूस. चूक एसटीत झाली. चांद्याहून येताना शेजारचा प्रवासी सारखे डोळे पुसत होता. त्याने वाचून झालेला पेपर मला दिला. फुकटचा पेपर घ्यायला नको होता.

मुख्य काळजी आईची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ताटातली भाजी हाताने चाचपून ओळखते. ८ नोव्हेंबरला इथे अहेरीत, शाळेच्या इमारतीत नेत्रशिबिर आहे. कांता दवाखान्यात नर्स, तिला सगळे नियम माहीत. ती म्हणाली, डोळा लाल दिसला की डॉक्टर टेबलावर घेत नाहीत, परत पाठवतात. मग पुढच्या वर्षीपर्यंत थांबा. दोन वर्षे थांबलोच आहोत.

संकल्प: आईच्या जवळ जायचे नाही. तिच्या कोणत्याही वस्तूला हात लावायचा नाही.

दुपारी १
आईने पाणी मागितले. मी दिले. कांताने पेला हिसकावून उकळत्या पाण्यात टाकला आणि म्हणाली, "तुमाले कितीदा सांगतलं!" एकदाच सांगितले होते.

दुपारी ४
आईने स्वतःच काठी मागितली. कलाबाई सीताफळे विकायला बाजारात आली होती. दीड कोसावरच्या जंगलातल्या गावची. तरुणपणी दोघींनी एकाच बांधीत धानाचे रोवणे केले आहे, तेव्हापासूनची मैत्री. आई तिच्यासोबत निघूनही गेली, शिबिरापर्यंत तिकडेच राहणार. जाताना म्हणाली, "देवराव, तुह्या मायेनं मी आंधळी होईन."

आईला मीच पाठवले असे म्हणायला हरकत नाही.

१९ ऑक्टोबर
त्या एसटीतल्या पेपराचा एक फायदा. आरोग्याच्या सदरात लिहिले आहे की रोज अर्धा तास हिरवळीकडे एकाग्रतेने पाहिल्यास नेत्रविकार झपाट्याने बरे होतात. मनही शांत होते. शास्त्रीय माहिती. आजपासून प्रोग्राम सुरू.

अडचण: आमच्या क्वार्टरला एकच खिडकी, आणि ती गोदामाच्या भिंतीकडे. जंगलाचा मुलुख, पण माझ्या वाट्याला चुना.

उपाय: कांताची हिरवी साडी खिडकीत टांगली. अर्धा तास पाहिले. झोप लागली. उठलो तर डोळे पुसायला हाताशी साडीच होती. कांताने ती उकळायला टाकली. साडीचा रंग गेला. आता ती हिरवी नाही, त्यामुळे प्रोग्रामच्या उपयोगाची नाही. तिच्याही नाही, असे ती म्हणते.

२१ ऑक्टोबर
घरात दम निघत नाही. सिक लीव्हवर असून थकवा ऑफिसपेक्षा जास्त. खाटेवर बसतो, उठतो, पुन्हा बसतो. गोदामाच्या भिंतीवर एकूण चौदा डाग आहेत.

गॉगल लावून वनखात्याच्या रेस्ट हाऊसवर गेलो. तिथे लॉन आहे. चौकीदार रामाजी म्हणाला, साहेब लोकांसाठी हाय, परमिट लागते. पलीकडे जंगल पडलंय, तिकडं पाहा, त्याले परमिट नाई. मी समजावले की जंगल हिरवे असले तरी अव्यवस्थित आहे, नजर ठरत नाही. शिवाय अस्वले. रामाजी हसला आणि म्हणाला, "सावन के अंधे को हरा ही हरा दिखता है." म्हण माझ्या थिअरीला पाठिंबा देणारी आहे. जुन्या लोकांना हे ठाऊक होते तर.

शेवटी त्याने बसू दिले. माणूस चांगला. डोळे पुसायला स्वतःचा दुपट्टासुद्धा दिला.

२४ ऑक्टोबर
रामाजीचे डोळे आले. त्याच्या बायकोचेही. रोज लॉन समोर असून! यावरून सिद्ध होते की नुसते पाहून चालत नाही, एकाग्रता हवी. हे त्याला सांगायला गेलो तर फाटकाला कुलूप, आणि खडूने लिहिलेले: डोळेवाल्यानं येऊ नये.

शुद्धलेखन वाईट. अर्थही चुकीचा. डोळेवाल्याने येऊ नये, तर लॉन पाहणार कोण?

२५ ऑक्टोबर, रविवार
खोलीत फेऱ्या मारल्या. दोनशे बारा. कांता ड्यूटीवर. साथीमुळे तिला रविवार नाही. ती दिवसभर लाल डोळ्यांच्या माणसांत असते आणि तिला काही होत नाही. म्हणते, हात धुते म्हणून. मी म्हणालो, दवाखान्याच्या मागे कडुनिंब आहे म्हणून. बोलणे वाढले.

आईची आठवण येते. ही वही कुणी वाचत नाही म्हणून लिहितो.

२८ ऑक्टोबर
डोळे नव्वद टक्के साफ. (कांता: साठ.) कलाबाईच्या गावाला गेलो. उद्देश दुहेरी. आईची विचारपूस, आणि गावकऱ्यांना साथीबद्दल आरोग्यविषयक चार शब्द. अडाणी लोक, कुणीतरी सांगायला हवे. भाषणाचे मुद्दे कागदावर काढून नेले.

गावाच्या शिवेवर वाटेत आडवा बांबू. बांबूपलीकडे कलाबाईचा नवरा झिंगू, टोपलीसाठी काड्या सोलत बसलेला. तो उठलाही नाही. म्हणाला, गाव बांधलं हाय. साथ गावातून निघत नाई, एसटीतून उतरते. ती सरेपर्यंत तिकडचा माणूस इकडं नाई. मी म्हणालो, मी आरोग्याची माहिती द्यायला आलो आहे. तो म्हणाला, मंग गॉगल काढा.

मी गॉगल काढला नाही. तत्त्वाचा प्रश्न होता.

भाषण बांबूच्या अलीकडूनच दिले. मुद्दा क्रमांक एक: आजारी माणसाने इतरांत मिसळू नये. झिंगूने मान डोलावली. पुढचे मुद्दे ऐकायला तो थांबला नाही, आईला आणायला गेला.

आईला पलीकडे मोहाच्या झाडाखाली बसवले. मधे वीसेक पावले. तिने विचारले, "डोळे कसे हायेत तुह्ये?" मी ओरडून सांगितले, एकदम फर्स्ट क्लास. तिला दिसत नाही, उगाच काळजी कशाला? ती म्हणाली, झिंगूनं खोपडीच्या दारापासून नाल्यापर्यंत झाडाझाडाले दोर बांधून दिला हाय, तो धरून मी एकटी फिरते. पाखरं ऐकते. दोन भाकरी जास्त जाते.

आमच्याकडे ती दिवसभर खाटेवर बसायची. दोर बांधणे मलाही सुचले असते. पण क्वार्टरमध्ये कुठून कुठे बांधणार?

३१ ऑक्टोबर
पुन्हा गेलो. झिंगू नव्हता, बांबू होता. ओलांडला असता तर कुणी पाहिले नसते. शेताच्या धुऱ्यावर बसलो. धान लोंबीवर आले आहे. आई आणि कलाबाई लांब अंगणात काहीतरी निवडत होत्या, हसत होत्या. हाक मारली नाही. प्रोग्रामही केला नाही. घड्याळ पाहिले तेव्हा दीड तास झाला होता.

नोंद करण्यासारखे काही नाही.

२ नोव्हेंबर
ऑफिसला जॉइन झालो. अर्ध्या ऑफिसचे डोळे लाल. शिपाई पोचूला तर समोरचे दिसत नाही, चहा फायलीवर ठेवला. सर्वांना थिअरी समजावली. कंपाउंडमधल्या करंजीच्या झाडाकडे कसे पाहायचे, हे प्रत्येकाची पापणी बोटाने वर धरून दाखवले. सुपरवायझर म्हणाले, तुम्ही रजेवर होता तेच बरे होते. गंमत करतात.

५ नोव्हेंबर
डाव्या डोळ्यात कचरा गेला.

६ नोव्हेंबर
उजव्यातही. वारा सुटला आहे.

कांताने टॉर्च मारून पाहिले आणि कपाळावर हात मारला. म्हणाली, "तुमचीच साथ फिरून तुमच्याच घरी आली." शास्त्रीयदृष्ट्या हे मला पटत नाही. कचराच आहे.

तिने बजावले की आईला परवा ती स्वतः शिवेवरून थेट शाळेत नेईल, आणि मी शाळेच्या रस्त्यालाही दिसता कामा नये. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला हे लागले तर डोळा कायमचा जाईल. हे शेवटचे तिने ओरडून नाही, हळू सांगितले. म्हणून जास्त लागले.

संकल्प: जाणार नाही. लेखी संकल्प. सही: देवराव.

८ नोव्हेंबर, रविवार
आईचा नंबर लागला! डॉक्टर म्हणाले म्हणे, आठवडाभरात असा स्वच्छ डोळा पाहिला नाही. कुठून आणली ही बाई? कांताने सांगितले, जंगलातून.

माझी थिअरी डॉक्टरने मान्य केल्यासारखेच आहे. तीन आठवडे अखंड हिरवळ, तीही मी पाठवले म्हणून. कांता म्हणाली, तीन आठवडे तुमी जवळ नोहते म्हणून. दोन्ही कारणे असू शकतात. पण तिचे मला पटत नाही.

९ नोव्हेंबर
उजव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. सकाळपासून जेवलो नाही. भूक नव्हती असे नाही, घास जात नव्हता. कांता संध्याकाळी आली, चांगलं झालं म्हणाली, आणि तिथेच बसून रडली. मीही. माझ्या डोळ्यांचे कळलेच नाही, ते तसेही वाहत आहेत.

सोबतीला कलाबाई राहिली आहे. शाळेच्या रजिस्टरमध्ये "रुग्णासोबत कोण" या रकान्यात तिचे नाव. दोन दिवस गेले की माझे टाकायला सांगेन.

१२ नोव्हेंबर
बसवत नाही. शाळेच्या भिंतीपर्यंत गेलो, रस्त्याला दिसू नये म्हणून मागच्या बाजूने. भिंतीवरून डोकावलो. आवारात पेशंट एका ओळीत बसवले होते, प्रत्येकाच्या डोळ्यावर हिरवी पट्टी. हिरवी! त्या पेपरवाल्याला कळवायला हवे. आनंदाने टाळी वाजवली. कांताने वर पाहिले. मी उतरलो. पँट फाटली.

१५ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ८
आज पट्टी काढणार. डोळे पंचाण्णव टक्के साफ. (कांताला विचारले नाही, ती लवकर गेली.) पोरगा समोर नसला तर आईला काय वाटेल? सहा तारखेच्या संकल्पाची मुदत संपली असे समजतो. गॉगल, धुतलेला शर्ट. आईच्या डोळ्यावरून हात फिरवून येतो.

दुपारी १२
गेलो. खोलीत पडदे लावलेले, गॉगलमुळे अंधारगुडूप. दारातच कुणाच्यातरी लोट्याला पाय लागला, तो घरंगळत गेला. म्हणून गॉगल काढला.

डॉक्टरने आईच्या डोळ्यासमोर जाड भिंग धरले होते. तिने कांताकडे पाहिले. कलाबाईकडे पाहिले, तिच्या गालाला हात लावला, म्हणाली, म्हातारी झाली वं तू. सगळे हसले. मग ती लोट्याच्या आवाजाकडे वळली. मी हात पसरून निघालोच होतो. दोन वर्षांनी आई माझे तोंड पाहत होती. वाटले, आता म्हणेल, वाळला बापा.

ती म्हणाली, "देवराव, तिथीच थांब. डोळे लाल हायेत तुह्ये."

मी दारातच थांबलो. पाच-सहा पावले राहिली होती. कांता मधे येऊन उभी राहिली. तिच्या खांद्यावरून आई भिंगातून बघतच होती, भिंग हलू देईना. मग तिने विचारले, "त्या दिवशी मोहाखाली फर्स्ट क्लास म्हणाला, तवाबी असेच होते का?"

मी हो म्हणालो.

आईने कलाबाईला दार लावून घ्यायला सांगितले.