दोन्ही घाव पाठीवर

११ जानेवारी १९३९

एकमेकांना मारलं म्हणे! दोघा सख्ख्या भावांनी! दीड महिन्याच्या तपासानंतर फौजदारानं हा शोध लावला आणि कागद बंद केला.

शाळा सुटल्यावर ठाण्यात गेले होते. बरोबर आक्काबाई — मेलेल्या गेनबाची आणि सावळाची आई. मार्गासनीच्या वरच्या धनगरवाडीतून पहाटे निघून, डोंगर उतरून नसरापूरपर्यंत चालत आलेली सत्तरीची बाई. तिला बाकावर बसू दिलं नाही. मग मीही उभीच राहिले.

फौजदार म्हणाला, "मेंढरांच्या वाटणीवरून भांडण होतं. थोरल्यानं धाकट्याला कुऱ्हाड घातली, धाकट्यानं मरता मरता थोरल्याला. संपलं."

घाव कुठं होते, विचारलं.

"पंचनाम्यात आहे."

पंचनामा मी वाचलेला आहे! दोघांचेही घाव पाठीवर. कुऱ्हाड सापडली ती एकच.

"आणि साठ मेंढरं गेली कुठं?"

"लांडग्यांनी नेली."

साठ! लांडगे काय गाड्या जुंपून आले होते?

आक्काबाई एकदाच बोलल्या. "सायेब, मारणारा न्हाई घावला तर ऱ्हाऊ द्या. पर माज्या पोरांनी एकमेकाला मारलं न्हाई, येवढं तरी लिवा."

तो हसला नाही, रागावलाही नाही. दौतीला झाकण लावलं. त्या झाकणाचा मला सगळ्यांत जास्त राग आला.

१२ जानेवारी

वर्गात त्रैराशिक शिकवताना फळ्यावर लिहून गेले — एक कुऱ्हाड, दोन पाठी. मुली उत्तर काढायला लागल्या. पुसलं.

१५ जानेवारी

महंमदचाचांच्या टांग्यातून मार्गासनीपर्यंत, पुढं पायी. चाचा वाटेत म्हणाले, "बाई, तुमच्या भाषणानं माझं घोडं बिथरतं, फौजदार कसा न्हाई बिथरत?" म्हटलं, घोड्याला कान आहेत.

वाडीत पोचले. फौजदाराचा निकाल माझ्याआधी डोंगर चढून गेला आहे. गेनबाची बायको धोंडाबाई, सावळाची भामाबाई. नऊ वर्षं एका चुलीवर रांधलं, एकमेकींची बाळंतपणं केली. आता घराच्या मधोमध कुडाची भिंत. धोंडाबाईचे भाऊ येऊन सांगून गेले, भामा खुन्याची बायको. भामाबाईच्या माहेरचे धोंडाबाईला तेच म्हणतात. दोन चुली, दोन धूर.

आक्काबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. मांडीवर शेजारणीची भाकरी. "हिच्या हातचं खाल्लं तर ती रडती. तिच्या हातचं खाल्लं तर ही. मग म्या दुसरीकडून मागून आणती आन् हितं बसून खाती. दोगींच्या मदी."

भामाबाई मला पाठमोरी उभी राहून म्हणाली, "माज्या मालकानं कोंबडं कापलं न्हाई कदी." कुडापलीकडून धोंडाबाईचा आवाज आला, "आन् माज्यानं कापलं व्हय?"

ज्यांनी कुऱ्हाड घातली ते पळाले. पण हे घर फोडलं ते कागदानं. आणि तो कागद लिहिणाऱ्याचं नाव-गाव मला चांगलं ठाऊक आहे! त्याला मी सोडणार नाही.

२२ जानेवारी

शिवऱ्याला सभा. हमरस्त्याच्या कडेला बैलगाडीवर उभी राहून बोलले. पाच-सहाशे माणूस असेल. कडेला दोन हवालदार वही घेऊन. त्यांनाच हाक मारली — या पुढं! ही घ्या एक कुऱ्हाड. आता दोघांनी एकमेकांच्या पाठीत घालून दाखवा! साहेबांचा शोध आम्हां अडाण्यांना करून दाखवा!

लोक हसून हसून वाकले. एक म्हातारा ओरडला, "बाई, आदी त्यास्नी कारभारणीला इचारून येऊ द्या!" हवालदार कानापर्यंत लाल.

मग मी आवाज खाली आणला. आक्काबाईंच्या दोन चुलींचं सांगितलं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. शेवटी म्हणाले, फौजदार शोधणार नसेल तर आपण शोधू! गेनबा-सावळाच्या प्रत्येक मेंढराच्या डाव्या कानाला दुहेरी खाच आहे. जिथं दिसेल तिथं अडवा!

टाळ्या थांबेनात. इतकं चांगलं भाषण गेल्या वर्षभरात झालं नव्हतं.

२४ जानेवारी

वरून शाळेत कागद आला. शिक्षिकेनं सभांतून बोलू नये, अन्यथा नोकरीचा विचार करावा लागेल. त्याच कागदाच्या पाठीवर उत्तर लिहिलं — जरूर करावा. मीही करत आहे.

२९ जानेवारी

नसरापूरचा बाजार. मी जेवत होते. महंमदचाचा दारातूनच — "बाई, उठा! मेंढरं आल्यात बाजारात. पन्नासेक. निम्म्याहून जास्तींचा डावा कान कापलाय. ताजा!"

हात न धुता धावले. खरंच. डावे कान अर्ध्यातून छाटलेले, रक्ताच्या खपल्या, त्यांवर माश्या. खाच कुठंच नाही.

कुणी छाटले ते ठाऊक नाही. पण कुठं छाटायचं ते मीच सांगितलं होतं — गाडीवर उभी राहून, सहाशे लोकांना, खणखणीत आवाजात! टाळ्या घेऊन!

आक्काबाई दर बाजाराला शोधायला येतात, आजही होत्या. त्यांनी कान पाहिले, मग मला. "बाई, तुमचं त्वांड लई ग्वाड. पर कुठं मिटावं ते त्याला कळत न्हाई."

ठाण्यात निरोप धाडला.

फौजदार आला. मेंढरांच्या दलालानं छातीवर हात ठेवला, साताऱ्याकडची आहेत, म्हणाला. फौजदार आक्काबाईंना — "म्हातारे, खूण दाखव."

आक्काबाई चालू लागल्या. कांद्याचे ढीग ओलांडून, भांडीवाल्यांच्या पलीकडं, पार रस्त्याच्या कडेला. तिथं उभं राहून तोंडाशी हात नेला आणि साद घातली. शब्द नव्हताच तो. जिभेनं टाळूवर वाजवलेलं काहीतरी, आणि शेवटी लांबत गेलेली एक हाक.

कान कापलेल्या मेंढरांनी माना वर केल्या. दुसऱ्या क्षणी कांद्यांतून, भांड्यांतून, माणसांच्या पायांतून धावत सुटली! बाकीची जागची हलली नाहीत. मोजली — तेहतीस. सगळी म्हातारीच्या लुगड्याला जाऊन भिडली. ती बसली त्यांच्यात आणि एकेकीचं तोंड हातात घेऊन बोलत राहिली.

तेवढ्यात दलाल नाहीसा. हवालदार म्हणतो, "लघवीला गेला आसंल. यील."

आणि फौजदारानं काय लिहिलं? "आवाज हा काही पुरावा नव्हे. विकणारा हजर नाही. बेवारशी जनावरं, सबब कोंडवाड्यात." बेवारशी! वारस त्यांच्या मधोमध बसलेली असताना!

५ फेब्रुवारी

दोन मेली. कोंडवाड्यात पाणी आहे, चारा नाही. धोंडाबाई आणि भामाबाई रोज डोंगर उतरून पाल्याचे भारे आणतात — वेगवेगळ्या वाटांनी — आणि भिंतीवरून आत टाकतात, ही या टोकाला, ती त्या टोकाला. रखवालदार हाकलतो. "बेवारशी मालाला घरचा चारा चालत न्हाई."

माझे अकरा अर्ज गेले. एकाची पोच नाही.

७ फेब्रुवारी

आणखी दोन मेली. बारा तारखेला लिलाव, दवंडी झाली.

आक्काबाई म्हणाल्या, मेंढरं घरी नेऊ. मी अडवलं. कायद्याची पुस्तकं समोर उघडी होती. समजावलं — मेंढरं हाच आपला पुरावा आहे. आपण होऊन नेली तर खुनाचं काम कायमचं बुडालं. थोडी कळ काढा.

"पुरावा मंजी काय वं, बाई? आन् त्यो उपाशी मेला तर कुणाच्या कामाचा?"

पुस्तकं मिटून ठेवली.

९ फेब्रुवारी

भर दुपारी बाराला कोंडवाड्याचं फाटक मी उघडलं. माझ्या हातानं. रखवालदाराला आधी नाव सांगितलं, मग अडसर काढला.

आक्काबाईंनी साद घातली. एकोणतीस बाहेर आली. कळपाच्या पुढं धोंडाबाई, मागं भामाबाई. एकमेकींशी बोलल्या नाहीत. मेंढरांशीच बोलत होत्या. पण ओढ्याशी एक मेंढरू बसलं, तेव्हा भामाबाई ओरडली, "धोंडाक्का, थांब की! हिला उचलू लाग!" आणि पुढची थांबली. दोघींनी उचललं.

मी पळाले नाही. फाटकातच उभी राहिले.

फौजदार आला. म्हटलं, कोंडवाडा उघडला. दंड सांगा, भरते.

"दंडावर सुटायला बघतेस? वर्षभर आत घालतो तुला!"

"कशाबद्दल? मालक नसलेली मेंढरं सोडल्याबद्दल?"

त्याचा चेहरा तांबडालाल झाला. मला ठाण्यात नेलं, टेबलाशी बसला, दौत उघडली, खसाखसा लिहायला लागला. माझ्या जिभेवर पंधरा वाक्यं होती, एकाहून एक धारदार. सगळी गिळली. त्याला लिहू दिलं.

१० फेब्रुवारी

दीड महिन्यात दोन खुनांचा आरोपी सापडला नव्हता, मेंढरांचा अर्ध्या तासात सापडला! सहीआधी वाचून दाखवा म्हटलं. त्यानं चार माणसांसमोर वाचलं — "अज्ञात इसमांनी ठार मारलेल्या गेनबा व सावळा या बंधूंच्या मालकीची एकोणतीस मेंढरं, सदर खुनाच्या कामातील पुरावा, आरोपी बाईनं लंपास केली." अज्ञात इसमांनी! मला चोर ठरवायला त्याला मालक लागला, पुराव्याला बाहेरचा खुनी! त्याचं अक्षर, त्याचा शिक्का. नक्कल घेऊन महंमदचाचा मार्गासनीच्या वाटेला लागले आहेत, वाडीत नेऊन वाचून दाखवायला.

गुन्हा कबूल आहे का, त्यानं विचारलं. म्हटलं, अक्षर न् अक्षर कबूल आहे.