खंडेनवमीची रायफल

शुक्रवार पेठ, सोलापूर
दसरा, सकाळ

चि. धनाजी,

परवाना काढून ही जुनी लष्करी रायफल आणली, तेव्हा तू हसला होतास, ‘दादा, लोखंड कशाला पोसताय?’ वर्षभर मी तिचा गंज काढला, लाकडी दस्त्याला जवसाचं तेल पाजलं, अडकलेला घोडा मोकळा केला. काल खंडेनवमीला गावाहून, केमहून येऊन तू तिला हळदकुंकू वाहिलंस आणि विचारलंस, ‘आता उडती का ही?’

‘उडते, पण उडवायची नाही.’

‘गोळ्या कुटं मिळत्यात?’

‘का रे, वाघ मारायचाय?’

तू हसला नाहीस. शेताच्या बांधाच्या दाव्याचा निकाल तुझ्याविरुद्ध, आबासाहेब काकांच्या बाजूने लागलेला मला ठाऊक होता, तरी मी विषय बदलला. पूजेतलं शस्त्र दसऱ्याआधी हलवत नाहीत, म्हणून रायफल कपाटात ठेवली नाही. तूही ही रीत पाळशील असं धरून चाललो.

आता पाटावर नुसती फुलं आहेत. तुझा फोन बंद आहे. तुझी बायको सुकन्या फोनवर म्हणते, ‘रात्री आले, आन् पहाटं शेताकडं गेले की.’

आधी तुलाच विचारावं म्हणून लिहायला बसलो. पण काकांचा फोन वाजतोय आणि कोणी उचलत नाही. हे पत्र इथेच टाकून, तुझं नाव सांगायला पोलीस ठाण्यात निघालो आहे.

तुझाच दादा,
सिद्धराम