नोएमीच्या व्हिएलचं चाक

ती. एदोक्सीताईस,

सगळ्यात आधी आला तो फिर्मिन, बैलगाड्यांची चाकं करणारा, आणि त्याच्या मागोमाग लाकडी जोडे करणारा गास्पार, दोघंही पाय न पुसता आत. पण थांब, आधी तुझ्या गुडघ्याचं कळव. कोबीचं पान बांधतेस ना? इकडे सगळे बरे आहेत, शेळी व्यायली, आणि मी इतकी खुशीत आहे की सूप दोनदा खारट झालं.

आपल्या नोएमीची वरात घरापासून चर्चपर्यंत व्हिएल, आपलं ते मूठ धरून चाक फिरवायचं तारांचं वाद्य, वाजवत न्यायची, आणि ती व्हिएल मी स्वतः करणार, असं माझ्या नवऱ्यानं, आन्सेल्मनं, भर जेवणात सांगून टाकलं. नात रडलीच. आता माघार कुठली? पेटी अक्रोडाची झाली. आतड्याच्या तारा आल्या, त्यांना गुंडाळायचा कापूस माझ्या रजईतून गेला. नक्षीला शिंपल्याची बटणं हवी होती, म्हणून मी रविवारी चर्चला झग्याला टाचण्या लावून जाते (पाद्रीबाबांना कळलेलं नाही). तारेखाली लाकडाचा एक चिमुकला तुकडा असतो, त्याला कुत्रा म्हणतात, चाकाला हिसका दिला की तो भुंकतो. आमचा भुंकायला तयार बसलाय.

अडलं ते चाकापाशी. चाकच तारांवर घासणार, तेव्हा ते वाकडं असून चालत नाही. आन्सेल्मनं नाशपातीच्या ओल्या लाकडाचं केलं, तर चुलीजवळ सुकताना ते शिळ्या भाकरीसारखं वाकलं. वरात आता तोंडावर, आणि हा माणूस रात्री झोपेतही हात फिरवतो. म्हणून हे दोघे बोलावले. फिर्मिन म्हणाला, चाकातलं मला विचारा. गास्पार म्हणाला, गप रे, तुझी चाकं चिखलात फिरतात, हे लोकांच्या कानात फिरणार.

मग जुनं, वाळलेलं लाकूड शोधत दोघं घरभर टकटक करत फिरले. टेबल झालं, घड्याळ झालं. गास्पारनं पलंगाला कान लावून तो बेसूर ठरवला. आन्सेल्म म्हणाला, इतकी वर्षं झोपतोय, मला कुणी बोललं नाही. शेवटी आईच्या कपाटावर टकटक केली आणि दोघांनीही एकदमच कान लावले. असं नाशपातीचं लाकूड आता मिळत नाही म्हणे. पण बाजू कापली तर कपाट कोसळेल. मग फिर्मिननं कपाटापुढचा माझा पडदा उचलून विचारलं, वहिनी, याची दारं कुठायत? मी म्हटलं, पॉलिशला दिलीत.

बटाटे कणकेत झाकून भाजले होते, वरून साय ओतली, दोघं पोटभर जेवून गेले.

तुझी धाकटी,
झेली

ता.क. आई गेल्यावर आपण भांडून कपाट मी घेतलं आणि दारं तू नेलीस, त्याविषयी मी काही बोलत नाही. फक्त चाकासाठी एक दार दे. तुझ्या माळ्यावर कोंबड्याच बसतात त्यावर.

पुन्हा ता.क. दुसरंही घेऊन तूच ये. ते कपाटाला लावू, म्हणजे आईचं कपाट निदान अर्धं तरी मिटेल. नोएमी म्हणते, व्हिएलच्या मागे पहिली एदोक्सीआजी चालणार, गुडघा असो नसो.

आणखी एक. तू हो म्हणालीस असं मी फिर्मिन आणि गास्पारला सांगून ठेवलंय. ते गाडी घेऊन तुझ्या दारावरून येतील, तेव्हा कोंबड्या उठवून ठेव. दार घेऊन परत येतो म्हणाले, गुरुवारी.